भरताच्या वासाची बीअर

ऑफिसच्या कुठल्याही ग्रुपमध्ये बीअरवरून दोन पार्ट्या पडतातच. एक ‘स्ट्राँग’वाली. तिचा हिशेब सरळ, तेवढ्याच पैशात जास्त किक. दुसरी आयपीएवाली. हॉप्सचा कडूपणा जितका जास्त तितकी बीअर भारी, हा तिचा फंडा. मी दोन्हीकडची नाही. कारल्याची भाजी आईच्या धाकाने खाते तेवढी पुरे, तो कडूपणा पैसे मोजून कशाला प्यायचा? पण पुण्याच्या ब्रूपबमध्ये हे मोठ्याने बोलायची सोय नाही. जर्मनीतल्या बाम्बेर्गमध्ये आहे.

न्यूरेंबर्गहून ट्रेनने जेमतेम पाऊण तास. वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास आणि ब्रुअरीज दहाच्या घरात! जुनं शहर 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नदीच्या मधोमध उभा टाऊन हॉल आहे. फोटो काढा आणि पुढे चला. खरं काम ‘श्लेंकेर्ला’त.

इथे राउखबीअर, म्हणजे धुराची बीअर, लाकडी पिंपातून थेट ग्लासात येते. रंग कोऱ्या चहापेक्षा गडद. पहिला घोट घेतला आणि मी चक्क जळगावात पोचले. भाजलेल्या वांग्याची साल सोलताना बोटांना जो वास चिकटतो ना, अगदी तोच! सोबत एर्लांगेनला नोकरी करणारी माझी मैत्रीण होती, कट्टर आयपीएवाली. तिने ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘‘हे भरीत तूच पी.’’ पहिल्या ग्लासात ही बीअर कळत नाही, तिसऱ्यापर्यंत थांबावं लागतं, असं इथले लोक सांगतात. मला दुसऱ्यातच कळली.

यात जादू काही नाही. मोड आणलेली बार्ली पूर्वी सगळीकडे उघड्या जाळावर वाळवत, त्यामुळे धुराचा वास बहुतेक बीअरला असायचाच. पुढे बिनधुराच्या भट्ट्या आल्या आणि जगाने सुटकेचा नि:श्वास टाकला. बाम्बेर्गच्या दोन घरांनी मात्र जुनी पद्धत सोडली नाही. एक श्लेंकेर्ला, दुसरं 1536 पासूनचं ‘श्पेत्झिआल’. दोघंही बीचच्या लाकडावर आपली बार्ली आपणच धुरावतात. श्पेत्झिआलचा धूर सौम्य, नवख्याने तिथून सुरुवात करावी. हॉप्स दोन्हीकडे आहेत, पण भाजीतल्या हिंगासारखे. नसले तर चुकल्यासारखं वाटेल, असले तर दिसणार नाहीत.

मैत्रिणीची सोय वुंडरबुर्ग भागात झाली. ‘केसमान’चं हेरेन पिल्स कडक, स्वच्छ, हॉप्सचा कडूपणा जिभेवर रेंगाळणारं. समोरच ‘मार्स ब्रॉय’ आहे. तिथे नुसतं ‘आ ऊ’ म्हटलं की गाळणी न लावलेली, कमी फेसाळ बीअर येते. ही मलाही आवडली.

आता स्ट्राँगवाल्यांसाठी. श्लेंकेर्लाची नेहमीची मेर्झेन 5.1 टक्क्यांची. पण नाताळासाठी ते ओकच्या लाकडावर धुरावलेली ‘आइखे’ काढतात, 8 टक्के. आपल्याकडच्या स्ट्राँगच्या बाटलीवर ‘8 टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं छापलेलं असतं, आठवतं? आकडा जवळपास तोच. पण आपली स्ट्राँग बर्फासारखी गार करून, चव कळायच्या आत घशाखाली ढकलायची असते. मैत्रिणीने डिसेंबरची एक बाटली माझ्यासाठी जपून ठेवली होती. आम्ही दोघींनी ती फार गार न करता, तासभर पुरवली. गोडसर, जाड, शेवटी धूर. शेवटचा घोट तिने घेतला, मला न विचारता.

जूनमध्ये जात असाल तर संध्याकाळ ‘केलर’साठी ठेवा. केलर म्हणजे तळघर, पण बाम्बेर्गकर तळघरात उतरत नाहीत, ‘तळघरावर’ चढतात. कारण बीअर गार ठेवायला टेकड्यांच्या पोटात भुयारं खोदली, वर सावलीसाठी झाडं लावली आणि त्या झाडांखालीच बाकडी मांडली. श्पेत्झिआल-केलरवरून अख्खं शहर दिसतं, कॅथीड्रलच्या चार मनोऱ्यांसकट. परतीच्या ट्रेनची वेळ मात्र वर चढण्याआधीच बघून ठेवा.