मवाली, तोडफोड आणि हॉलमधली वारली फ्रेम

टोकरखाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये वारली चित्राची एक फ्रेम आहे. तुमच्याकडेही असेलच. मधे तारपा वाजवणारा, भोवती फेर धरून नाचणारी माणसं. 2011 च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीतले निम्म्याहून जास्त लोक आदिवासी होते, पण आपल्या घरांत त्यांची ओळख बहुतेक या फ्रेमपुरतीच.

फ्रेमबाहेरचे वारली मला दाखवले मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप ग्रुपने. त्यातला एक एमसी मवाली, दुसरा एमसी तोडफोड. अशी नावं घरी सांगायची कशी! मवाली मराठीत रॅप करतो. तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत करायचा. 'गली बॉय'मधल्या 'इंडिया 91' या गाण्यातही तो आहे. मार्च 2022 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी तो गेला. मराठी-गुजराती एकत्र ऐकायची आपल्याला सवयच आहे. आपलं तर भाजीवाल्याशी सुरू केलेलं मराठी वाक्य गुजरातीत संपतं.

त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' आलं 2019 मध्ये. विषय आरेचं जंगल आणि तिथले आदिवासी. मवालीसोबत त्यात आरेतल्याच केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्यांची काही गाणी मला नुसती घोषणाबाजी वाटतात, हे मात्र नाही. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं आणि 2022 मध्ये ते परत आरेतच आलं.

मग गाण्याने झालं काय? माझ्यापुरतं सांगतो. 'रिव्होल्ट' कसला, हे शोधताना मी 1945 च्या वारली उठावापर्यंत आणि गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'पर्यंत पोचलो. हा उठाव तलासरी-डहाणूकडचा, आपल्या अगदी शेजारचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर तिकडचंच. त्यांना विचारलं, तर भांडी घासता घासता म्हणाल्या, "आजा वेठीला जायचा ना. तुमी कदी इचारलं नाय." बारा वर्षं त्या आमच्याकडे येतायत.

यंदा गणपतीत मंडळाच्या पोरांना स्वतः लिहिलेलं रॅप करायचंय आणि कमिटीत दोन तट पडलेत. काकालोकांची भीती उगाच नाही. 2023 मध्ये सत्ताधाऱ्यांवरच्या रॅपवरून राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते. तरी माझं मत असं, की शिव्या गाळा, पण रस्त्यातल्या खड्ड्यांवरची आणि कंपन्यांच्या धुरावरची कडवी राहू द्या. बीट मी लॅपटॉपवर करून देतोय. तारपा वाजवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मात्र लवकर कळवा, रेकॉर्डिंग पुढच्या रविवारी आहे.