शाकारणी चुकलेले घर

कोकणातील कौलारू घर पावसाळ्यासाठी दर मे महिन्यात नव्याने सज्ज करावे लागते. मृग लागल्यावर मुंबईहून गुहागर तालुक्यात बिऱ्हाड हलवणाऱ्या आमच्या कुटुंबाच्या सगळ्या अडचणींचे मूळ त्या हुकलेल्या महिन्यात होते.

मुंबई ते चिपळूण अंतर सुमारे 250 किलोमीटर. पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग 66 पेण, माणगाव, महाड, पोलादपूर करत दक्षिणेकडे जातो. कशेडी घाटात रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. याच घाटात टेम्पोची ताडपत्री वाऱ्याने सुटली आणि गाद्या भिजल्या. परशुराम घाट उतरला की वाशिष्ठीच्या काठी चिपळूण लागते. तेथून मार्गताम्हाने, शृंगारतळी या वाटेने गुहागर गाठता येते. वाटेवरचे गडगे आणि घरांच्या भिंती एकाच जांभ्याच्या. खाणीत हा दगड मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो.

पहिल्याच रात्री माजघर तीन ठिकाणी गळले. उन्हाळ्यात वानरांच्या उड्यांनी कौले सरकतात, फुटतात. म्हणून पावसाआधी ती उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात. हीच शाकारणी. पावसात शेवाळलेल्या छपरावर माणूस चढवत नाहीत. शेजारचे काका माळ्यावर चढले आणि तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा त्यांनी फुटक्या कौलाखाली आतूनच सरकवला. पाणी पत्र्यावरून खालच्या कौलावर गेले, धार थांबली.

सकाळी विहिरीवरचा पंप फिरला, पण पाणी चढेना. पाइपाच्या तळाच्या झडपेत पालापाचोळा अडकला की आतले पाणी विहिरीत उतरते आणि पंप कोरडा फिरतो. तसाच चालू ठेवला तर सील जळते. तो बंद करून झडप साफ करावी लागली, मग वरच्या बुचातून पाणी भरल्यावर धार आली. मे महिन्यात विहिरीचा गाळ उपसतात, तेव्हाच ही झडपही धुऊन घेतात.

तिसऱ्या दिवशी गॅस संपला. चूल पेटवली तर ओल्या सरपणाचा नुसता धूर. लाकूडफाटा उन्हात वाळवून पडवीत रचायचा असतो आणि झड अडवायला पडवीला झापे बांधायचे असतात. पत्र्याच्या डब्यातल्या मिठाला पाणी सुटून डबा गंजला. मिठाला चिनी मातीची बरणीच लागते. तांदूळ, कडधान्ये, मीठ, आमसुले, सुकी मासळी या पावसाळी बेगमीला कोकणात आगोट म्हणतात. आमची आगोट भरलेलीच नव्हती. तो पावसाळा शेजारच्या काकूंनी दिलेल्या तांदळावर आणि कोरड्या सरपणावर निभावला. ते उपकार घरात आजही आठवले जातात.

पुढच्या मे महिन्यात शाकारणी, विहिरीचा गाळ, सरपण, झापे आणि आगोट अशी क्रमाने कामे झाली. मृगाच्या पहिल्या पावसात माजघर कोरडे राहिले.