मातीचे दहा दिवस

मे महिन्यात आपल्याकडील कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरात फेरफटका मारला, तर भिंती आणि विजेचे खांब छंदवर्गांच्या फलकांनी भरलेले दिसतात. बहुतेक फलकांवर वस्तूंची यादी असते : भेटकार्ड, आकाशकंदील, कागदी फुले, भिंतीवर टांगायची चौकट. दहा दिवस, दहा वस्तू. पालकही याच हिशेबाने शुल्क भरतात. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीचा या व्यवहाराशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. प्रारंभी तो केवळ शेजारधर्माचा होता. आमच्या वसाहतीजवळील शाळेने सुटीसाठी एक खोली आणि मागचे अंगण दिले, आणि दोन चित्रकला शिक्षिकांसह मी सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक शिबिर चालवू लागले. सकाळी आठ ते साडेअकरा. त्यापुढे ऊन मुलांना अंगणात टिकू देत नाही.

आम्ही एक नियम प्रथमपासून पाळला. प्रत्येक वर्षी एकच विषय, आणि तो विषय म्हणजे एखादे साहित्य. एका वर्षी कागद, एका वर्षी धागा, एका वर्षी बांबू. 'जंगल', 'अवकाश', 'फुलपाखरांचे जग' असे विषय फलकावर अधिक शोभतात, हे मला मान्य आहे. परंतु अशा विषयांत मूल चित्राच्या मागे धावते. आज थर्माकोलचे यान, उद्या पुठ्ठ्याचा ग्रह. हात कोणत्याच वस्तूपाशी थांबत नाही. एकाच साहित्याबरोबर दहा दिवस काढले, म्हणजे त्या साहित्याचा हट्ट कळू लागतो. बांबू कोणत्या दिशेने चिरतो आणि कोणत्या दिशेने चिरत नाही, हे सातव्या दिवशी मुलांना सांगावे लागत नाही.

ही कल्पना माझी नव्हे, हे येथेच नोंदवते. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बालकांसाठी संस्था काढली, तेव्हा कागदाच्या घड्या, विणकाम आणि मातीकाम यांना त्यांनी खेळाइतकेच शिक्षणाचे स्थान दिले. बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती संपूर्ण शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. आणि ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या कामात अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. गावात फुकट किंवा अल्प मोलात मिळेल ते साहित्य त्यांनी बालवाडीत आणले. आज आपल्या शाळांच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' हा शब्द आढळतो. शब्द भारदस्त आहे. त्या तासाला अनेक ठिकाणी गणिताचा राहिलेला धडा पुरा केला जातो.

माझे लक्ष मात्र मुलांच्या वस्तूंपेक्षा त्यांच्या वाक्यांकडे अधिक जाई. कागदाच्या वर्षी मी कानाने एक गोष्ट टिपली. "बाई, हे कट करू?", "इथे फोल्ड करायचं का?", "आता पेस्ट केलं." मराठी माध्यमातील मुलेही असेच बोलत. परभाषेतील नाम मराठीत विनासायास येते आणि आपले विभक्तिप्रत्यय घेते. आपण टेबलावर पुस्तक ठेवतो आणि बसने प्रवास करतो. परके क्रियापद मात्र सहसा असे थेट येत नाही. 'फोल्ड'चे 'फोल्डतो' होत नाही. त्याला 'करणे' या क्रियापदाचा टेकू घ्यावा लागतो. त्यामुळे काळ, लिंग, वचन यांचा सारा भार 'करणे' वाहते, आणि कृती नेमकी कोणती हे सांगण्याचे काम परक्या शब्दाकडे जाते. मराठीत आपण कागद कातरतो, भाजी चिरतो, फांदी छाटतो, लाकूड तासतो, शेंगा खुडतो. प्रत्येक क्रियापदात हत्यार वेगळे आहे, मनगटाची हालचाल वेगळी आहे. 'कट करणे' या सर्वांवर एकच चादर पसरते.

येथे कोणी भाषाशुद्धीचा झेंडा उभारील, तर त्याच्या रांगेत मी उभी राहणार नाही. 'कागद' फारसीतून आला, 'बटाटा' आणि 'पगार' पोर्तुगिजांबरोबर आले. त्यांनी मराठीचे काही बिघडवले नाही. मला वाटते ते असे, की इंग्रजी शब्दाने मराठी क्रियापदाला हुसकावून लावले नाही. ती जागा आधीच रिकामी झाली होती. ज्या मुलाने कधी काही तासलेच नाही, त्याच्या तोंडी 'तासणे' राहील कसे? म्हणून शिबिराचा विषय ठरवताना मी चित्रकलेच्या बाईंना नेहमी विचारू लागले, "या साहित्यात क्रियापदे किती?" त्या हसत. मात्र त्याच हिशेबाने एका वर्षी आम्ही माती निवडली.

मातीची क्रियापदे मोजून पाहा : खणणे, चाळणे, भिजवणे, कालवणे, तुडवणे, मळणे, तिंबणे, थापणे, वळणे, लिंपणे, सारवणे, वाळवणे, भाजणे. पहिल्या दिवशी आम्ही मुलांना काहीही करायला सांगितले नाही. केवळ तीन प्रकारच्या मातीचे गोळे वळून सावलीत ठेवायला सांगितले. एक शेतातील काळी माती, एक तळ्यातील गाळ, एक शाडू. शाळेमागच्या मुरमाचाही गोळा करून पाहण्याची मुभा होती. दुसऱ्या दिवशी मुरमाचा गोळा हात लावताच विस्कटला. काळ्या मातीच्या गोळ्याला भेगा पडल्या होत्या. ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेताला पाय मुरगळण्याइतक्या भेगा पडतात. गाळाचा आणि शाडूचा गोळा शाबूत होता. कुंभार मातीत राख आणि लीद का मिसळतो, या प्रश्नापर्यंत मुले आपल्या पायांनी आली. बाजारातून केवळ शाडू आणला असता, तर ही सकाळ वाया गेली असती.

तिसऱ्या दिवशी, नऊ वाजून गेल्यावर, एक मुलगी आली. दहा वर्षांची असावी. कडेवर धाकटा भाऊ. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर तिचे आईवडील कामाला होते. परभणीकडून दिवाळीनंतर आलेले कुटुंब पाऊस लागण्यापूर्वी परत जाणार होते. शाळाबाह्य मुलांची नोंद घेत हिंडणाऱ्या एका शिक्षिकेने तिला आमच्याकडे पाठवले होते. सकाळी आदल्या दिवशीच्या कच्च्या विटा उभ्या करून ठेवण्याचे काम तिच्याकडे असे, म्हणून उशीर. तिने भावाला सावलीत बसवले, आमच्या घमेल्यात हात घातला, मूठ आवळली आणि म्हणाली, "बाई, गारा लई पातळ झालाय. रातभर मुरू द्या."

दोन-तीन मुले फिदीफिदी हसली. त्यांच्या कानांना 'गारा' म्हणजे आकाशातून पडणाऱ्या, आणि 'लई' म्हणजे चित्रपटातील गडी. तिने मान खाली घातली. शाळेत असे हसू किती मुलांनी आणि किती वर्षे ऐकले असेल, याचा विचार आपण भाषेचे विद्यार्थी म्हणून अवश्य करा. आपण आपल्या अभ्यासक्रमात 'प्रमाणभाषा आणि बोली' हा घटक वाचता. बोली ही अशुद्ध नसते, हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिता. ते वाक्य मुलाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या कानापर्यंत हसू पोहोचते. मी मुलांना काही समजावले नाही. घमेले झाकून ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तीच माती बोटाला न चिकटता वळू लागली. 'मुरणे' हे क्रियापद मुलांना केवळ लोणच्यामुळे ठाऊक होते. माती मुरते हे त्यांनी प्रथमच अनुभवले. 'गारा' हा शब्द शब्दकोशात आहे, लिंपण्यासाठी कालवलेली माती असा त्याचा अर्थ आहे, हेही मी त्याच दिवशी दाखवले. परंतु कोशाच्या आधी घमेल्याने काम केले होते. त्या दिवसापासून मुले विचारत, ते 'गारा झाला का?' असेच.

ती मुलगी काय करत होती? विटा. बोटाएवढ्या लांबीच्या, काडेपेटीच्या रिकाम्या खोक्याचा साचा करून. ओळीने मांडलेल्या, एकसारख्या, शंभराच्या आसपास. आमच्या एका शिक्षिकेला राहवेना. तिला वाटत होते की या मुलीने निदान येथे तरी पक्षी करावा, पणती करावी. मी त्यांना थांबवले. इतरांसाठी माती हा सुटीतला खेळ होता, तिच्यासाठी ते घरचे काम होते, आणि त्या कामात ती आम्हा सर्वांहून तरबेज होती. ते कौशल्य बाजूला ठेवून ये, असे तिला सांगण्याचा अधिकार मला दिसेना. त्याचबरोबर, तिच्या विटांकडे कौतुकाने पाहताना माझ्या मनात एक अस्वस्थता होती आणि ती आजही आहे. दहा वर्षांच्या मुलीचा हात इतका बसलेला असावा, ही आनंदाची गोष्ट नव्हे.

पाचव्या दिवशी मुलांनी दिवाळीत करतात तसा किल्ला करायचे ठरवले. तटबंदीला विटा हव्यात. एक मुलगा तिच्याकडे मागायला गेला. ती म्हणाली, "हजारी काय देता?"

मुलांना कळले नाही. आपल्यापैकी वीटभट्टीच्या परिसरात राहणाऱ्यांना हा शब्द परिचित असेल. तेथे मजुरी दिवसावर नसते. हजार विटांमागे ठरते. हंगामापूर्वी मुकादमाकडून अंगावर घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. ऊसतोडीतही हाच शब्द. रक्कम एकदा उचलायची आणि सारा हंगाम ती फेडत राहायचे. ती मुलगी थट्टा करत होती की खरोखर भाव विचारत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. अखेर सौदा ठरला : चाक फिरवण्याची पहिली पाळी तिची, आणि तिच्या भावाला बुरुजावर बसणारा मातीचा हत्ती. तिने शंभर मोजून दिल्या. फुटलेल्या तीन बदलूनही दिल्या.

आता पालकांविषयी थोडे. एका गृहस्थांनी सौम्य शब्दांत विचारले, "मॅडम, मातीत खेळायला आम्ही शुल्क भरायचे?" प्रश्न अगदीच गैर नव्हता, लहानपणी त्यांनी हे सारे फुकट केले होते. मी त्यांना एवढेच म्हटले की आपल्या इमारतीच्या आवारात आता फरशी आहे. शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनाची पालकांना ओढ असते, आणि या प्रदर्शनापायी हस्तकलेच्या वर्गांत एक रूढी पडली आहे : आदल्या संध्याकाळी शिक्षकच मुलांच्या वस्तूंवर शेवटचा हात फिरवतात. मग तीस मुलांचे तीस मोर सारख्या मानेचे निघतात. आमच्याकडे वस्तूला मुलाखेरीज कोणाचा हात लागत नाही. वाकडे मडके वाकडेच मांडले जाते. त्या वर्षी वस्तूंच्या शेजारी आम्ही मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांवर वस्तूचे नाव नव्हते. ती करताना काय काय केले ते होते. 'चाळली, भिजवली, मुरवली, तिंबली, थापली.' एका चिठ्ठीवर 'तुडवली' खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. एक आजी सर्व चिठ्ठ्या मोठ्याने वाचत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि 'सारवणे' राहिले म्हणाल्या. मग त्यांनीच पदर खोचून अंगणाचा एक कोपरा मुलांना सारवून दाखवला. शेण कोठून आले, याची चौकशी मी केली नाही.

प्रदर्शनानंतर प्रत्येकाला दोन पर्याय होते. वस्तू घरी न्यावी, किंवा पाण्याच्या टाकीत सोडून माती परत करावी. न भाजलेली माती पूर्ण वाळली असेल, तर पाण्यात झटकन विरघळते. अर्धवट ओली असेल, तर उलट बराच वेळ लागतो. मुलांना हे खरे वाटेना, म्हणून काहींनी आपले वाळलेले प्याले सोडून पाहिले. प्याल्याच्या काठावरून बुडबुडे निघाले आणि काही मिनिटांत तळाशी केवळ गाळ उरला. एका मुलाने आपला बैल सोडला आणि शिंगे विरघळण्यापूर्वी काढून घेतला. बहुतेकांनी वस्तू घरी नेल्या.

त्या मुलीने तटबंदीतील चार विटा मागून घेतल्या, नखाने टकटक वाजवून पाहिल्या आणि परकराच्या ओच्यात बांधल्या. रविवारी भट्टी पेटणार होती, मोठ्या विटांच्या रांगेत त्या मावतील, असे ती म्हणाली. भावाचा हत्ती तिने पाण्याजवळ जाऊ दिला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते कुटुंब गावी परतले. अंगणातील किल्ला मात्र पुढेही काही दिवस उभा होता. पहिल्या मोठ्या सरीने तो बसला, आणि शाळेच्या शिपायांनी उरलेला गारा फावड्याने ओढून कडुनिंबाच्या आळ्यात घातला.