दिवसांचा हिशोब

वुडलँड्सच्या घरी पासपोर्ट उघडून मी भारतातले दिवस मोजत बसलो होतो. बाबा गेल्यावर आईजवळ राहायला डोंबिवलीला बिनपगारी रजेवर गेलो, आणि त्याच वर्षी माझा ठाण्याचा फ्लॅट विकला. आपल्याला एकच आकडा पाठ: १८२ दिवसांच्या आत परतलो की अनिवासी. पण २०२० च्या वित्त कायद्याने त्यात बदल केला. भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस तिथे काढले असतील, तर मर्यादा १२० दिवसांची! फ्लॅटच्या नफ्याने १५ लाख ओलांडले, बाबांच्या आजारपणातल्या फेऱ्यांनी ३६५. त्या एप्रिल ते मार्चचे दिवस भरले १३४.

सीए म्हणाले, "विवरणपत्रात 'निवासी, पण सामान्य निवासी नाही' असे लिहा. सिंगापूरला काम करून मिळवलेल्या पगारावर इथे कर नाही." जीव भांड्यात पडला. मंडळी, आपापले पासपोर्ट जरूर तपासा.

यापुढे १२० च्या आत परतायचे, असे ठरवलेही. तेवढ्यात आईचा फोन आला. "पुढच्या वेळी किती दिवस राहशील रे?"

मी पासपोर्ट मिटला. "तू म्हणशील तितके."

फॉर्म काय, भरता येतो.