लेकरू हातात ठरत नाही

सहावा-सातवा महिना लागला की लेकरू उताणं पडायला कबूल नसतं. तोवर ते आढ्याकडं बघत हातपाय हलवायचं आणि आपण बाळुतं बदलून मोकळ्या व्हायचो. एकदा का पालथं पडायची युक्ती साधली की त्याला समोरचं दार दिसतं, दारातली शेळी दिसते, अक्काच्या वेणीतली रिबीन दिसते. अशा वेळी त्याला पुन्हा पाठीवर टाकून दोन्ही पाय एका मुठीत धरायचे म्हणजे त्याच्या जिवाला तो मोठाच जाच. मग ते टाचा रोवतं, पाठीची कमान करतं, गर्रकन वळतं आणि तसंच भरल्या ढुंगणानं वाकळेवरून पसार होतं.

माझं माहेर ढोकीचं. आमच्याकडं रांगत्या लेकराचा विषय निघाला की तेर आठवतंच. तेरणेच्या काठचं हे गाव ढोकीहून जवळ, गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं. बायको पाण्याला गेलेली, काका विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताहेत, आणि रांगतं मूल त्या चिखलात शिरून तुडवलं जातं. ही कथा आम्ही कीर्तनात इतक्यांदा ऐकली, की पुढं विठ्ठलानं ते मूल परत दिलं हे माहीत असूनही तेवढ्या जागेवर बायका पदर तोंडाला लावायच्या. मला त्या कथेत नेहमी एक गोष्ट टोचत आली आहे. घरात तिसरं माणूस नव्हतं. आई पाण्याला गेली आणि लेकराकडं बघणारं कुणी उरलं नाही.

आमच्या लहानपणीच्या घरात तिसरं, चौथं, सातवं माणूस होतं. बाळुती म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे. धुऊन धुऊन इतके मऊ झालेले, की दुकानातल्या कोऱ्या कापडाला ती सर यायची नाही. चौकोन दुमडून त्रिकोण करायचा, लंगोटासारखा घ्यायचा, कमरेशी गाठ. पण आज्जी लेकराला उताणं पाडून ही गाठ बांधत नसे. ती पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची आणि लेकराला मांड्यांवर आडवं, पालथं घालायची. त्याचं तोंड अंगणाकडं. कोंबड्या बघत ते गप्प पडून राहायचं, तोवर ओल्या फडक्यानं पुसून झालेलं असायचं. शी झाली असेल तर न्हाणीत न्यायचं, डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत त्याला पालथं लटकवायचं, मांडी पंज्यात घट्ट, आणि उजव्या हातानं कोमट पाणी. लेकरू वळवळायला जावं तर वळायला जागाच नसते, आणि तरी त्याला कुणी दाबून धरलेलं नसतं. मी आजही शपथेवर सांगेन, वळवळ्या लेकराची शी धुवायला याच्याइतकी चांगली रीत नाही.

उभं राहायला लागलेलं लेकरू असेल तर त्याला बाजेच्या माच्याला धरून उभं करायचं आणि मागून लंगोट बांधायचा. आणि सारखं बोलत राहायचं. “आता ह्यो पाय उचल. आता त्यो. शान्या माझ्या राजा.” आई घाईनं तंगड्या धरायला गेली की आज्जी म्हणायची, “अगं, लेकरू हाय त्ये, लाकूड न्हाई. त्येला सांग की काय करतीस.”

पुष्कळ वेळा तर बाळुतं भिजायचंच नाही. झोपून उठलं, दूध पिऊन झालं, की बाई दोन पावलं जुळवून बसायची, लेकराला त्या पावलांवर बसवायची आणि “शूऽऽ शूऽऽ” करायची. ते बरोबर करायचं. रोज त्याच माणसानं, त्याच वेळेला बसवलं तर लेकराची खूण त्या माणसाला कळते, त्या माणसाचा आवाज लेकराला कळतो.

हे आठवताना मन हळवं होतं, पण त्या बाळुत्यांमागचं धुणंही मी विसरलेले नाही. दिवसाला पंधरा-वीस बाळुती सहज. आडावरून पाणी शेंदायचं, शी दगडावर खरवडायची, सोड्यात उकळायचं, दिवे लागायच्या आत दोरीवरून काढायचं. पावसाळ्यात ती वाळायची नाहीत. मग निखाऱ्यांवर डालगं पालथं घालून त्यावर पसरायची, आणि घरभर धुराचा, ओव्याचा आणि शूचा मिळून एक वास. बाळंतिणीच्या जावा, नणंदा, सासू यांचे हात त्यात झिजले. आणि लेकराला कडेवर घेणारी जी अक्का मला इतकी गोड आठवते, तिची शाळा पुष्कळ घरांत त्या कडेवरच्या भावानं सोडवली. एकत्र कुटुंबाचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

हे झालं घरातल्या लेकरांचं. गाळपाच्या दिवसांत ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याकडं उसाच्या गाड्यांची रांग लागायची. तोडणीवाल्या बायकांची लेकरं फडाच्या कडेला, गाडीच्या जुवाला बांधलेल्या झोळीत. त्यांना कुठली मांडी आणि कुठलं कोमट पाणी. पाचट पेटवलेल्या रानात ओलं फडकं सोडून कोरडं लावायचं, तेही असलं तर. कारखाना मधली बरीच वर्षं बंद राहिला, गाव त्या भोंग्याला मुकलं, पण ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं लेकरू आजही फडातच वाढतं. बाळुती धुवायची कुठं, हा तिचा प्रश्न तिथल्या तिथं आहे.

कारण शेवटी सगळं पाण्यापाशी येतं. 2016 चा दुष्काळी उन्हाळा आमच्याकडं कुणी विसरणार नाही. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली. पहिली गाडी 12 एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती ढोकी स्टेशनावरूनच पुढं गेली. ज्या मार्गावर एके काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी रमतगमत चालायची आणि बाया पिशवीभर बाळुती घेऊन माहेरी यायच्या, त्याच मार्गावर आता रुंद रुळांवरून पिण्याचं पाणी चाललं होतं. घरात दोन घागरी असताना वीस बाळुती कोण धुणार? त्या वर्षी आमच्या गल्लीत डायपरला नाकं मुरडणाऱ्या सासवा स्वतः दुकानातून पुडा आणायला लागल्या. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

अमेरिकेत 1961 साली बाजारात आलेल्या पॅम्पर्सची गोष्टही घरातलीच आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले अभियंते व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाची बाळुती बदलायचा कंटाळा आला आणि कामाला सुरुवात झाली. पुढं आत पाणी शोषून गच्च धरणारी पूड आली आणि डायपर पातळ झाला. आपल्याकडं आता खपतो तो चड्डीसारखा वर ओढायचा डायपर, आणि तो खास वळवळ्या लेकरांसाठीच आहे. उभ्या उभ्या घाला, काढताना दोन्ही कडा फाडा. आज्जीनं बाजेला धरून उभं केलेलं लेकरू मला त्यात दिसतं. रात्रभर कोरडं राहणारं लेकरू म्हणजे रात्रभर झोपलेली आई, आणि ही झोप आमच्या आयांना कधी मिळाली नाही.

मात्र वापरलेला डायपर कुठं जातो ते ढोकीच्या ओढ्याकाठी जाऊन पाहावं. 2016 च्या घनकचरा नियमांत तो नीट गुंडाळून द्यायचा म्हटलं होतं, त्यासाठी कंपन्यांनी पाकीट द्यायचं असंही होतं. गावात घंटागाडीच रोज येत नसेल तर ते पाकीट कुणाच्या हाती द्यायचं? कुत्री ते ओढत नेतात, फुगलेली जेली शेताच्या बांधावर पडते. म्हणून मी घरातल्या सुनांना सांगते, दिवसा, पाणी असेल तेव्हा, सुती लंगोट. रात्री आणि प्रवासात डायपर. आणि लेकरू जागं असताना तो दर तीन-चार तासांनी बदलायचाच, शी झाली तर तत्काळ, नाहीतर कातडी लाल होते.

पण माझा जीव खरा तुटतो तो मोबाइलसाठी. लेकरू हलू नये म्हणून आता त्याच्या डोळ्यांसमोर गाणं लावून फोन धरतात. ते खरंच हलत नाही. डोळे ताठ, तोंड उघडं, खाली काय चाललंय याचा पत्ता नाही. आज्जीच्या मांडीवरही ते कोंबड्यांकडं बघायचं, पण आज्जी तेव्हा त्याच्याशी बोलत असायची, पाय उचलायला सांगायची आणि ते उचलायचं. हंगेरीत डॉक्टर एमी पिक्लर यांनी 1946 मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं. तिथल्या बायकांना शिकवण होती, की कपडे बदलताना घाई करायची नाही, आधी सांगायचं, मग हात लावायचा, लेकरानं हात पुढं करायची वाट बघायची, वळलं तर वळू द्यायचं. हे वाचलं तेव्हा मला आमची न शिकलेली आज्जी आठवून भरून आलं. लेकराच्या दिवसातला हा बदलायचा वेळ त्याच्याशी बोलायचा आहे. आई एकटी असेल, दमलेली असेल, तरी फोनऐवजी हातात चमचा द्या, खुळखुळा द्या, कोरडा डायपरच धरायला द्या. सगळं आधी जवळ मांडून जमिनीवर बसा, म्हणजे पळालं तरी पडत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या काळात कुणी बघितली नव्हती. माझा भाचा लातूरला नोकरीला आहे, सुट्टीला ढोकीला येतो. आठ महिन्यांच्या लेकीला ओसरीवर उभं करतो, तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवतो आणि म्हणतो, “चला, डावा पाय.” ती त्याचे केस ओढते, कान चावते, तो डायपर वर घेतो. त्याचे वडील, माझे थोरले बंधू, पहिल्या दिवशी उठून आत गेले होते. परवा ते तिथंच बसले होते आणि म्हणाले, “अरे, उजवीकडं उलटा झालाय, नीट कर.”