बसण्याची उंची

गाडी घेताना सगळे ती चालवून बघतात. माझं म्हणणं, आधी तिच्यात बसून बघावं, आणि तेही घरात ज्याचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात त्या माणसाने. आमच्याकडे हा मान आईचा. तिला गाडीत बसताना-उतरताना इतक्यांदा पाहिलं आहे, की कुठलीही नवी गाडी दिसली तरी माझी नजर सीट जमिनीपासून किती वर आहे तिथेच आधी जाते.

आई दाराकडे पाठ करून उभी राहते. एका हातात निऱ्या, दुसरा हात दाराच्या चौकटीवर. मग अंग मागे सोडते. सीट खाली असली तर शेवटची वीतभर ती बसत नाही, पडते. आणि उतरताना तेवढीच वीत तिला गुडघ्यांच्या जोरावर परत मिळवावी लागते. मोठ्या जीपगाड्यांत उलटी तऱ्हा. तिथे बसण्याआधी चढायचं, म्हणजे सगळा भार क्षणभर एकाच पायावर. तिला सोसते ती जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीची उंची. तेवढी मिळाली की ती टेकते, बाहेर तोंड करून जरा थांबते, उजवा पाय आत घेते, आणि दुखरा डावा पाय दोन्ही हातांनी पोटरीला धरून दाराच्या उंबऱ्यावरून आत ठेवते. पदर सावरते. "हं, चल."

आमच्या वॅगन-आरमध्ये हे सगळं विनासायास होतं, आणि त्याचं मूळ जपानच्या एका नियमात आहे. तिथे 'केई' नावाच्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते, पण मापं कायद्याने ठरवलेली. १९९३ साली सुझुकीने पहिली वॅगन-आर आणली तेव्हा लांबीची मर्यादा ३.३ मीटर होती आणि रुंदीची १.४ मीटर. लांबी वाढवता येईना, रुंदी वाढवता येईना. मग गाडी वर वाढली. छप्पर उंच झालं, सीटही वर गेली. माणूस ताठ बसला की त्याचे पाय पुढे पसरत नाहीत, खाली जातात, आणि तेवढ्याच लांबीत मागच्यांच्याही गुडघ्यांना जागा उरते. १९९९ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली. आत्ताची, २०१९ पासूनची वॅगन-आर ३६५५ मिलिमीटर लांब, १६२० रुंद आणि १६७५ उंच आहे. म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. तिला डबा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती सुंदर वाटते, कारण तिचं प्रत्येक माप माणसाच्या बसण्यातून निघालं आहे.

उणिवा आहेतच. मागच्या सीटची बैठक आखूड आहे. उंच माणसाची मांडी अर्ध्यावर अधांतरी राहते आणि लांबच्या प्रवासात तिथून मुंग्या येतात. सीटला बाजूंनी फारशी कड नाही. कऱ्हाडहून पाटणमार्गे चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागला, की उंच गाडी वळणावळणाला कलते आणि मागचे तिघे एकमेकांवर रेलतात. मधे बसणाऱ्याची तर वेगळीच कथा. त्याच्या पाठीला धड आधार नाही, आणि दोन्ही पाय मधल्या उंचवट्याच्या दोहो बाजूंना. गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागे ताकद नेणारा दांडा नाही. तरी उंचवटा आहेच, कारण खालून सायलेन्सरचा पाइप जातो आणि पत्र्याला घडी असली की तळ मजबूत राहतो. ही जागा आपल्या घरांत नेहमी सर्वांत धाकट्याला मिळते. मावशी मात्र मागे बसली की गाडी सुरू व्हायच्या आधी चपला काढून मांडी घालते. बेल्ट लावायला लागतो, पाय खाली सोडायला लागतात, हे तिला दर वेळी समजावावं लागतं. पण सीट सपाट असल्याने तिला तो मोह होतो, हे मला समजतं.

२०१० च्या वॅगन-आरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली एक ट्रे असायचा. पुढून ओढला की बाहेर येणारा. आमच्या जुन्या गाडीत त्यात आईच्या घरी घालायच्या सपाता, आवळासुपारीची डबी, काच पुसायचं फडकं आणि गाडी लागणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या असत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मागची सीट अर्धी पाडून वॉकर आडवा ठेवला, आणि उरलेल्या अर्ध्यात मावशी बसली. आत्ताच्या गाडीची ३४१ लिटरची डिकी मोठीच. फक्त तिचा काठ उंच आहे. तांदळाचं पोतं कमरेच्या वर उचलून मग आत सोडावं लागतं, आणि हापूसच्या पेट्या काढताना पाठीला कळतं.

या गाडीचं उंच छप्पर मला सर्वांत आवडतं ते भाद्रपदात. भाऊ मागे बसतो, मांडीवर पाट, पाटावर पेणची मूर्ती, तोंडावर रुमाल. मुकुटाच्या टोकापासून छपरापर्यंत हात सहज जातो. पुढची सीट शेवटच्या खाचेपर्यंत सरकवलेली असते आणि आई गुडघे डॅशबोर्डला टेकवून तक्रार न करता बसते. खड्डा आला की ती मला सांगते, "सावकाश, बाप्पा आहेत." त्या दिवशी दुखणाऱ्या पायाचं नाव निघत नाही.

जपानमध्ये कंपन्या स्वतःच अशा छोट्या गाड्या बनवून विकतात, ज्यांची पुढची सीट दाराकडे वळते, बाहेर येते आणि खाली उतरते. बसायचं, आणि सीटनेच आपल्याला आत न्यायचं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना पक्षाघातानंतर दोघे जण काखेत हात घालून गाडीत ठेवतात. दर आठवड्याला, फिजिओथेरपीसाठी. ते डोळे मिटून घेतात. सनरूफची, ॲलॉय व्हीलची चौकशी जितक्या सहज होते तितक्याच सहज आपल्या गावातल्या शोरूममध्ये या वळणाऱ्या सीटची चौकशी व्हावी, आणि समोरच्या पोराने "आहे ना, दाखवतो" म्हणावं, असं मला फार वाटतं.