सादळलेला ब्रेक

विजेवर चालणारी मोटार घेतल्यापासून माझ्या अंगात शिष्टपणा शिरला, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. ते अगदीच खोटे नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी कोणी बॉनेटमध्ये डोके घालून उभे असले, की मी मुद्दाम तिकडून फेरी मारीत असे. “ऑइल बदलायचं झालं वाटतं?” असे विचारी आणि उत्तराची वाट न पाहता सांगे, “आमच्या गाडीला ही भानगडच नाही!”

ब्रेकविषयी तर माझी मिजास विचारू नका. या गाडीत पाय उचलला, की मोटारच जनित्र होते; चाकांचा वेग ओढून घेते आणि त्याची वीज करून बॅटरीत परत भरते. कर्वे रस्त्याच्या गर्दीतसुद्धा ब्रेकला पाय लावण्याची वेळ क्वचित येई. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसिंगला तिथला मुलगा म्हणाला, “काका, ब्रेक ऑइल बदलायला हवं. पुस्तकात दोन वर्षं दिलीत,” तेव्हा मी चक्क हसलो. “जो ब्रेक मी वापरतच नाही, त्याचं ऑइल कशाला बदलू?” युक्तिवाद अस्सल पुणेरी होता, शिवाय पैसे वाचत होते. मुलाने वाद घातला नाही. एका कागदावर माझी सही मात्र घेतली.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे पाचगणीला गेलो. आई, सौ., धाकटी मुलगी आणि मी. निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या जागी गाडी चार्जिंगला लावली आणि सकाळी बॅटरी शंभर टक्के भरलेली पाहून, लग्नातल्या पंगतीतून उठल्यासारखा तृप्त होऊन पसरणीचा घाट उतरू लागलो.

पहिल्याच वळणावर पाय उचलला, तर गाडी हळू होईना. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावणार कुठे? ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात तोपर्यंत आली नव्हती. मग प्रत्येक वळणाला ब्रेक, उतारावर ब्रेक, समोरून एस.टी. आली की ब्रेक. काही वेळाने करपल्याचा वास आला. आणि एका वळणावर ब्रेकवरचा पाय, कापसाच्या गादीवर पडावा तसा, आत आत जात राहिला. गाडी थांबली; पण पाय जवळजवळ तळाला टेकला होता.

डोंगराच्या बाजूला जागा पाहून मी गाडी उभी केली. “वाई आली का रे?” मागून आईने विचारले. “नाही, जरा देखावा बघू या,” मी म्हणालो. सौ. देखाव्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती. ते थरथरत होते.

अर्धा तास थांबलो. डिसेंबरच्या थंडीत हीटर आणि दिवे लावून बॅटरी थोडी रिकामी केली. ब्रेक निवले, पेडल पुन्हा घट्ट झाले, आणि बैलगाडीच्या चालीने वाईला पोहोचलो.

पुण्याला आल्यावर नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी टाकीत पेनासारखे एक यंत्र बुडवले. लाल दिवा लागला. “पाणी आहे,” ते म्हणाले. “पण मी पाणी घातलंच नाही!” मी. “घालावं लागत नाही, साहेब. ते आपणहून येतं.”

हे ब्रेक ऑइल नावाचेच ऑइल. ते ग्लायकॉल जातीचे असते आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभावच आहे. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून दमटपणा हळूहळू शिरतो. गाडी पळो अथवा उभी राहो. नवे ‘डॉट 4’ ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले, की ही हमी 155 अंशांवर येते. उकळले की वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

घरी हे सांगताच सौ. म्हणाली, “म्हणजे सादळलं म्हणा की! चिवडा खाल्ला नाही म्हणून तो कुरकुरीत राहतो का? उलट पडून राहिलेलाच सादळतो.” तीन वर्षे मला जे कळले नाही, ते हिने डब्याच्या झाकणावरून सांगितले.

माझी फसगत आणखी एका गोष्टीने झाली होती. टाकीतली पातळी मी अधूनमधून पाहत असे आणि ती तसूभरही उतरत नसे. एरवी पॅड झिजतात तशी ती खाली येते. आमच्या गाडीत पॅडच झिजत नव्हते. रंगावरही भरवसा नाही. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्ये पाणी असू शकते. यंत्राने तपासावे, नाही तर पुस्तकात दिलेली मुदत पाळावी. किलोमीटर मोजून उपयोग नाही. पेडल मऊ लागेपर्यंत थांबणे म्हणजे काय, ते मी घाटात पाहिले आहे.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे ऑइल गाडीच्या केंद्रातच बदलून घेतले. जुने बाटलीत पाहायला मागितले. लिटरला तीन-चार टक्के पाणी म्हणजे फार तर सहा-आठ चमचे. त्या चमच्यांवर आम्ही चौघे घाट उतरत होतो. पूर्वीचाच मुलगा होता. त्याने सहीच्या कागदाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

आईला यातले काही सांगितलेले नाही. पाचगणीची गोष्ट निघाली, की ती शेजारणींना कौतुकाने सांगते, “आमच्या मुलानं अर्धा तास गाडी थांबवून घाट दाखवला. एरवी याला कुठं एवढी सवड!” पुढच्या खेपेलाही त्याच वळणावर थांबायचे, असे तिने बजावून ठेवले आहे.